ओलोर्गेसायली: हातकुऱ्हाडींच्या माळावर

नैरोबीहून मागाडीचा रस्ता धरला की ओंगाता रोंगाई आणि किसेरियन ही गजबजलेली गावं मागे पडतात आणि न्गाँग टेकड्यांच्या कडेने रस्ता खचदरीत उतरायला लागतो. नैरोबी सुमारे 1,700 मीटर उंचीवर आहे, तर सत्तरेक किलोमीटरवरचं ओलोर्गेसायली, अश्मयुगातल्या हातकुऱ्हाडींचं (मुठीत धरायच्या, दोन्ही बाजूंनी घडवलेल्या दगडी हत्यारांचं) केनियातलं स्थळ, जेमतेम 1,000 मीटरवर. त्यामुळे स्वेटरची हवा संपून उन्हाचा तडाखा कधी सुरू होतो ते कळत नाही. पेट्रोल किसेरियनलाच भरावं आणि माणशी तीन लिटर पाणी जवळ ठेवावं. नैरोबीतून पहाटेच निघावं, कारण सकाळच्या तिरप्या उजेडात दगडावरचे घावांचे व्रण उठून दिसतात. दुपारी बाराला तोच दगड नुसता ढेकळासारखा वाटतो.

फाटकातून आत गेलं की डोळे दिपवतो तो पांढरा मातीचा उतार. हा डायटमाइट, म्हणजे तळ्यात वाढणाऱ्या सूक्ष्म शैवालांच्या सिलिकायुक्त कवचांचा गाळ. आज जिथे काटेरी बाभळी आहेत तिथे एकेकाळी तळं होतं, आणि ते पुन्हा पुन्हा भरत-आटत राहिलं. गाळाच्या मधूनमधून ज्वालामुखीच्या राखेचे करडे थर आहेत. त्या राखेतल्या फेल्डस्पारच्या स्फटिकांत पोटॅशियमचं अर्गॉन होत राहतं. ते मोजून थराचं वय निघतं, आणि दोन राखांमध्ये सापडलेल्या हत्याराचं वय त्या दोघींच्या दरम्यानचं ठरतं. आपल्याकडे जुन्नरजवळ बोरीला कुकडीकाठी राख आणि हातकुऱ्हाडी दोन्ही मिळाल्या, पण ती राख कुठल्या उद्रेकाची यावरच वाद आहे. इथे एकावर एक इतक्या राखा आहेत की कालक्रम भक्कम उभा राहतो.

ग्रेगरी या भूशास्त्रज्ञाने 1919 मध्ये इथली हत्यारं पाहिली होती. 1942 मध्ये मेरी आणि लुई लीकी या पुरातत्त्वज्ञ दांपत्याला ती खच पडल्यासारखी सापडली. ती जागा तशीच राखली आहे. लाकडी पुलावरून चालायचं आणि खाली जमिनीवर पसरलेल्या शेकडो हातकुऱ्हाडी बघायच्या.

एकीवर नजर स्थिर करा. दगड बहुतेक शेजारच्या ओलोर्गेसायली डोंगराचा, ट्रॅकाइट नावाचा लाव्हा. आधी मोठ्या धोंड्यातून वीतभर लांबीचा जाड छिलका काढायचा. मग त्याच्या कडेवर हातोडा-दगडाने घाव घालायचा, छिलका उडाला की दगड उलटायचा आणि त्याच व्रणाच्या काठावर दुसऱ्या बाजूने घाव. कडेचा कोन 90 अंशांपेक्षा कमी हवा. तो बोथट झाला की कितीही आपटलं तरी छिलका निघत नाही, कड फक्त चुरते. घाव दुबळा पडला तर छिलका अर्ध्यावरच तुटून पायरी उरते, आणि मग प्रत्येक पुढचा छिलका तिथेच अडतो. व्रणांच्या शेवटी अशा पायऱ्या दिसतात का ते शोधा. बनवणाऱ्याचा हात कुठे अडला ते तिथे कळतं.

बनवणारे कोण होते? 2003 मध्ये इथे पुरामानवशास्त्रज्ञ रिक पॉट्स यांच्या गटाला सुमारे 9 लाख वर्षांपूर्वीच्या एका लहान चणीच्या प्रौढाच्या कवटीचे तुकडे मिळाले. हत्यारांच्या एवढ्या राशीतून माणसाचा हा एवढाच पुरावा. इथेच प्रचंड आकाराच्या गेलाडा वानरांची हाडं मिळाली, पण त्यांची शिकार माणसानेच केली यावर एकमत नाही.

माणसाची प्रगती म्हणजे सरळ चढता जिना, ही कल्पना इथे टिकत नाही. इथली हातकुऱ्हाडींची परंपरा सुमारे 12 लाख वर्षांपूर्वीपासून 5 लाख वर्षांपूर्वीपर्यंतची. सात लाख वर्षं मूळ कल्पना तीच! मग जमिनीत मोठी झीज झालेली दिसते, जवळपास 1,80,000 वर्षांचं पान गायब. त्यानंतरच्या, 3,20,000 वर्षांपूर्वीच्या थरात सगळं पालटलेलं. हातकुऱ्हाडी नाहीत. दगडाचा गाभा आधी घडवून त्यातून एका घावात काढलेली लहान, टोकदार पाती आहेत. काळं चकचकीत ज्वालाकाच 25 ते 50 किलोमीटरवरून आणलेलं. लाल आणि काळ्या रंगाचे खडे, त्यांतले काही घासलेले. इतक्या लांबचा दगड मिळवायला ओळखीपाळखी, देवाणघेवाण लागते, आणि मला तरी हत्यारांच्या आकारापेक्षा हाच बदल मोठा वाटतो. मोठ्या सस्तन प्राण्यांच्या 85 टक्के जातीही तोवर बदलल्या होत्या.

हरवलेलं पान वाचण्यासाठी 2012 मध्ये शेजारच्या कूरा खोऱ्यात 139 मीटर खोल छिद्र पाडून गाळाचा अखंड गाभा काढला. त्यात 10 लाख वर्षांची नोंद मिळाली. सुमारे 4 लाख वर्षांपूर्वी भूभ्रंशांनी, म्हणजे जमिनीच्या भेगांवर खडक सरकल्याने, खोरं फुटून लहान लहान भाग झाले, आणि पाणी व गवत यांचा भरवसा संपला, असं ती सांगते. ते भूभ्रंशांचे सरळ कडे पुलाजवळून क्षितिजावर दिसतात. वाटाड्याला पांढऱ्या उतारावरचे, ओल्टुलेलेई नावाचे, म्हणजे हातकुऱ्हाडींनंतरच्या काळातले, थर मुद्दाम दाखवायला सांगा. बहुतेक पाहुणे हातकुऱ्हाडी बघून परततात. जमिनीवर दिसलेला एकही दगड उचलू नका, केनियाच्या कायद्याने तो गुन्हा आहे.