बेदाण्याच्या शेडवर शब्दांची उलथापालथ

रविवार, मार्च. सावळज.

दिवसभर शेडवरच होतो. आठ दिवसांपूर्वी टाकलेला माल निम्म्यावर आलाय. साल सुरकुतलीय, पण मणी दाबला की रस अजून बोटाला चिकटतो. चार किलो द्राक्षांमागं जेमतेम किलोभर बेदाणा, आणि त्यातही नजर सारखी आभाळाकडं.

पुतणी सोबत आली होती. इंग्रजी शाळेत पाचवीला आहे. रॅकखाली बसून अभ्यास करता करता विचारते, "काका, ग्रेप वाळलं की त्याचं एकदम रेझिन कसं होतं? ड्राय ग्रेप का नाही?" मला कुठलं येतंय! मोबाईल काढला आणि तासभर त्यातच गेला.

गंमत अशी की फ्रेंचांकडं रेझँ म्हणजे ताजं द्राक्षच. वाळलेलं असेल तर ते पुढं ‘सेक’, म्हणजे सुकं, असं जोडतात. आणि ग्रेप हा जुन्या फ्रेंचमधला घडाचा शब्द. इंग्रजांचा स्वतःचा जुना शब्द होता वाइनबेरीसारखा. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड घेतलं, फ्रेंच शब्दांचा लोंढा आला, त्यात तो गेला.

आबा सुतळी वळत ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे घडाला द्राक्ष म्हणायचं आन् द्राक्षाला बेदाणा? असल्या माणसाला मी शेडवर हिशेबाला बसवायचो न्हाई."

हसलो खरा, पण आपलंही बघितलं. बेदाणा फारसीतला. बे म्हणजे बिन, दाना म्हणजे बी. बिनबियांचा. आणि आम्ही वर्षानुवर्षं बॉक्सवर ‘सीडलेस बेदाणा’ छापतोय! आबांना हे सांगितलं नाही. छापलेले बॉक्स अजून शिल्लक आहेत.

चहाच्या वेळी आणखी एक सापडलं. शुगर आणि जॅगरी, साखर आणि गूळ, दोन्ही शब्द आपल्या शर्करेचेच. शुगर अरबांच्या हातून युरोपात फिरून आली, जॅगरी दक्षिणेतून पोर्तुगिजांनी उचलली. कँडीसुद्धा आपल्या ‘खंड’ या संस्कृत शब्दातली, खडीसाखरेच्या घरची. नावं आपली, आणि पोरीला स्पेलिंग पाठ करायला लागतंय.

मग तिला आठवलं ते ब्लॅक करंट आइस्क्रीम. करंट म्हणजे ग्रीसमधलं कॉरिंथ. तिथनं येणाऱ्या बारीक मनुकांना गावाचं नाव पडलं, आणि तसल्याच दिसणाऱ्या, द्राक्षाशी काही नातं नसलेल्या झुडपाच्या फळांनाही तेच चिकटलं. आबा म्हणाले, "खाल्ल्यावर करंट बसतो व्हय?" पोरगी हसून लोळायची बाकी.

साडेपाचला पश्चिमेकडं काळं दिसायला लागलं. वही तिथंच टाकून तिघंही शेडच्या बाजूचे कागद सोडायला पळालो. चार थेंब पडले आणि उघडलं. वहीच्या पानावर मात्र बेदाण्याचा चिकट अंगठा उमटलाय, रेझिनच्या स्पेलिंगवरच.