शुगर बोर्ड, कॅन्टीनचा ठेका आणि माझे पीटीचे तास

मे २०२५ मध्ये सीबीएसईचं परिपत्रक आलं की प्रत्येक शाळेने ‘शुगर बोर्ड’, म्हणजे खाण्यापिण्यात किती साखर असते ते दाखवणारा फलक, लावावा. चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या रोजच्या कॅलरींपैकी १३ टक्के आणि अकरा ते अठराच्या मुलांच्या १५ टक्के साखरेतून येतात, असायला हव्यात ५ टक्के, असे आकडे त्यातच दिले होते. आमची शाळा ठाण्यात घोडबंदर रोडला. प्रिन्सिपल मॅडमनी कागद माझ्याकडे सरकवला, ‘सर, हे तुम्ही बघा.’ ज्या कामाला वेळापत्रकात तास नाही ते पीटीच्या सरांकडे, हा आमच्याकडचा अलिखित नियम.

बोर्ड जूनमध्येच झाला. चित्रकलेच्या मॅडमनी रंगवला आणि सातवीच्या मुलांनी पाकिटांवरचा बारीक मजकूर वाचून साखरेच्या पुड्या बांधल्या. २०० मिलीच्या आंब्याच्या पेयात साधारण २५ ग्रॅम, म्हणजे सहा चमचे. पाच टक्क्यांच्या हिशेबाने लहान मुलाचा अख्ख्या दिवसाचा कोटा तेवढ्यात संपतो. मग बोर्ड लागला कॅन्टीनच्या भिंतीवर, आणि खाली खिडकीत तेच पेय विकायला. जुलैत पदार्थांतल्या तेलाच्या फलकाचं परिपत्रक आलं, तोही समोशांच्या वर लागला. फोटो काढून वर पाठवायला दोन्ही झकास. मला मात्र ते रोज बघून लाज वाटायची.

म्हणून मी नियम शोधले. महाराष्ट्र सरकारने मे २०१७ मध्येच शाळेच्या कॅन्टीनमधून चिप्स, नूडल्स, शीतपेयं, पिझ्झा-बर्गर हद्दपार करण्याचा जीआर काढला होता. त्यानंतर एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०२० चे नियम आले: साखर, मीठ, चरबी जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत, त्यांची जाहिरातही करायची नाही. हे सगळं प्रिंट काढून मॅडमच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, ‘सर, ठेका मार्चपर्यंतचा आहे.’

खरी गाठ तिथे होती. कॅन्टीनवाले काका वाईट माणूस नव्हेत. त्यांनी मला हिशेब उलगडून दाखवला. शाळेला महिन्याचं भाडं द्यायचं, दोन पोरं कामाला, गॅस वेगळा. पाकीट नासत नाही, त्याला आचारी लागत नाही, कंपनीवाला फ्रिज फुकट देतो. पोहे सकाळी सातला केले तर मधल्या सुट्टीत ते वातड होतात आणि मुलं तोंड फिरवतात. ‘सर, तुम्ही सांगाल ते बनवतो, पण उरलं तर तुम्ही घेणार का?’ याला माझ्याकडच्या जीआरमध्ये उत्तर नव्हतं.

उत्तर निघालं पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत, आणि तेही एका सीए असलेल्या पालकामुळे. आहारावर तासभर भाषणं झाल्यावर त्या म्हणाल्या, भाडं कमी करा. एवढ्या भाड्यात पोहे विकून कुणाचं भागणार? व्यवस्थापनाने आधी हात वर केले, मग तीन महिन्यांसाठी अर्धं भाडं कबूल केलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात कळीचं काही घडलं असेल तर हेच. तोवर शाळा एका हाताने बोर्ड लावत होती आणि दुसऱ्या हाताने त्याच पाकिटांवरची कमाई घेत होती.

मेन्यू बदलला तो हळूहळू. मोड आलेल्या मटकीची भेळ पहिल्याच आठवड्यात चालली, कारण ती चटपटीत आणि काकांना स्वस्त. थालीपीठ मोठ्यांना आवडलं, लहानांनी नाकारलं. पोहे दोन घाण्यांत करायचं ठरल्यावर खपायला लागले. उकडलेलं कणीस हिट. ताक उन्हाळ्यात संपायचं, पावसात पडून राहायचं. चिक्कीवरून मात्र वाद झाला. काही पालकांना गूळ म्हणजे औषधच वाटतो. मी सांगितलं, शरीराच्या हिशेबात गूळही साखरेतच धरला जातो. चिक्की ठेवा, पण छोटी वडी. समोसा शुक्रवारी राहिला. नियमांवर बोट ठेवून त्यालाही घालवता आलं असतं, पण सगळंच एकदम काढलं असतं तर फाटकाबाहेरच्या गाडीची चांदी झाली असती.

त्या गाडीचं सांगतो. चायनीज भेळ, लालभडक. मी लांब उडीची टेप घेऊन फाटकापासून मोजलं, गाडी तिसाव्या मीटरला. तक्रार करता आली असती, पण त्या माणसाच्या पोटावर पाय द्यायची इच्छा नव्हती. जाऊन बोललो, तर तो पुढच्या कोपऱ्यापलीकडे सरकला. मुलं तिथेही जातात. निदान चालत जातात.

वजन-उंचीचा प्रकार सगळ्यांत नाजूक. खेलो इंडियाच्या फिटनेस चाचणीत नऊ वर्षांपुढच्या मुलांची ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव, सिट अँड रीच (बसून पुढे वाकणं) वगैरेंसोबत बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, असतो, त्यामुळे मोजायचं तर होतंच. आजवरची पद्धत अशी की अख्खा वर्ग रांगेत उभा, सर मोठ्याने आकडा सांगणार आणि मॉनिटर लिहिणार. जाड मुलाचा नंबर आला की मागून हशा. ते मी बंद केलं. सिंगापूरने १९९२ मध्ये ‘ट्रिम अँड फिट’ नावाने जाड मुलांना वेगळं काढून व्यायाम करवणारा कार्यक्रम शाळांत सुरू केला होता. लठ्ठपणाचे आकडे खाली आले, पण मुलांना चिडवणंही वाढलं, आणि २००७ मध्ये तो गुंडाळला. आमच्याकडे आता क्रीडासाहित्याच्या खोलीत पडद्यामागे एकेक मूल येतं, बूट काढून उभं राहतं, आकडा फक्त माझ्या वहीत. पालकांना बंद पाकिटात चिठ्ठी.

चिठ्ठीत मोठ्यांचा बीएमआय वापरत नाही. मुलाचं वय आणि मुलगा की मुलगी, त्यानुसार तक्ता बघावा लागतो. भारतीय मुलांसाठी इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने २०१५ मध्ये सुधारित तक्ते दिले, त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आघाडीवर होते. आपल्या लोकांना कमी वजनातही मधुमेहाचा धोका असतो, म्हणून त्यात मोठेपणीच्या २३ (जादा वजन) आणि २७ (लठ्ठपणा) या बीएमआयशी जुळणाऱ्या रेषा आहेत.

चिठ्ठ्यांची पाकिटं घरी गेली आणि दुसऱ्या दिवसापासून फोन. ‘खात्यापित्या घरचा आहे तो, सर.’ एक आजोबा थेट शाळेत आले, नातवाला नजर लावली म्हणून. याउलट एक आई डाएट चार्ट मागायला आली. तिला म्हटलं, डाएट नको. उंची वाढतेच आहे, वजन आहे तिथे थांबलं तरी पुष्कळ. मुलाची मान मात्र डॉक्टरांना दाखवा. मानेमागचा काळपट, जाडसर पट्टा मळ समजून घरोघरी घासला जातो. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते, दगडाने घासून ती जात नाही.

आता माझं मूळ दुखणं, पीटीचे तास. आठवड्याला दोन, त्यातला एक गणिताला आणि परीक्षा जवळ आली की दुसरा विज्ञानाला. ‘सर, पोर्शन राहिलाय, आजचा तास द्याल?’ जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. आमची निम्मी मुलं घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये बसमध्येच तेवढा वेळ बसून काढतात.

तासांसाठी भांडायचं सोडून मी पंधरा मिनिटं मागितली, पण रोज आणि सगळ्यांना. कल्पना स्कॉटलंडमधली. स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत २०१२ मध्ये मुख्याध्यापिका एलेन वायली यांनी मुलांना रोज पंधरा मिनिटं धावायला किंवा चालायला बाहेर काढलं. ना गणवेश बदलणं, ना शर्यत. ‘डेली माइल’ म्हणून ते पुढे पुष्कळ देशांत गेलं. आमचं मैदान बॅडमिंटनच्या दोन कोर्टांएवढं, म्हणून इमारतीला फेऱ्या. पाचवीपर्यंतच्या मुलांना फेऱ्यांचा कंटाळा येतो, त्यांना साखळी आणि लंगडी. वेळ काढला परिपाठातल्या सूचनांमधून. त्या आता वर्गात वाचतात, कुणाचं काही अडलेलं नाही. माझी एकच अट होती, वर्गशिक्षकाने सोबत चालायचं. गणिताच्या सरांनी दोन आठवडे नाकं मुरडली, आता पुढे तेच असतात, त्यांना शुगर आहे. पावसाळ्यात सगळं फिसकटतं. इमारतीभोवती पाणी, कॉरिडॉरची फरशी निसरडी, मग हॉलमध्ये पाळीपाळीने सूर्यनमस्कार, आणि वर्षाचा पाव भाग असाच जातो.

वाढदिवसाच्या चॉकलेटांवरून पालकांच्या ग्रुपवर जे रामायण झालं ते इथे नको. चॉकलेटं बंद झाली, वर्गाच्या पेटीत गोष्टीचं पुस्तक येतं, एवढंच सांगतो.

मुलांची वजनं उतरली का, असं व्यवस्थापनाने मार्चमध्ये विचारलं. एका वर्षात मी तसं काही सांगणार नाही, सांगितलं तर ते खोटं असेल. ६०० मीटर न थांबता पुरं करणारी मुलं वाढली, ते वहीत आहे. कॅन्टीनचा नवा करार त्याच काकांशी झाला, अर्ध्या नव्हे पण कमी भाड्यात, आणि काय विकायचं नाही याची यादी आता कराराला जोडलेली आहे. आंब्याचं पेय गेलं, कंपनीवाला फ्रिजही घेऊन गेला, ताकासाठी काकांनी जुना एक आणलाय. दहावीचे शिक्षक जानेवारीपासून ती पंधरा मिनिटं परत मागताहेत. पुढच्या सोमवारी त्यावर बैठक आहे आणि गणिताचे सर माझ्या बाजूने बोलणार आहेत.