रविवारचा स्वयंपाक, गुरुवारचं जेवण

परदेशात एकटीने राहायचं म्हणजे रोज संध्याकाळी थकून येऊन स्वयंपाक करणं आलं. मला ते जमेना, म्हणून मी रविवारी आठवड्याचं रांधून ठेवायला लागले. पहिल्याच महिन्यात पातेलंभर गरम सूप तसंच फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी कडेचं गार, मधलं कोमट आणि वास आंबूस! सगळं ओतून देताना जिवावर आलं.

चूक पातेल्याची होती. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात आणि खोल भांड्याचा मध्य तिथेच तासन्‌तास रेंगाळतो. आता मी उथळ डब्यांत वाटून दोन तासांच्या आत सगळं फ्रिजमध्ये ढकलते. फ्रिज ४ अंशांवर, फ्रीझर उणे १८ वर. फ्रीझरमध्ये जंतू मरत नाहीत, नुसते थिजतात; म्हणून गोठलेलं अन्न ओट्यावर न ठेवता आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवते.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट गोठण्याच्या वेगाची. सावकाश गोठलं की बर्फाचे मोठे स्फटिक होतात, ते पेशी फोडतात आणि वितळल्यावर भाजीचा लगदा होतो. झटकन गोठलं तर स्फटिक बारीक राहतात. क्लॅरेन्स बर्ड्सआय हा अमेरिकन १९१०च्या दशकात लॅब्राडॉरला, म्हणजे आजच्या कॅनडाच्या थंडगार ईशान्य किनाऱ्यावर होता. तिथले इन्युइट लोक कडाक्याच्या थंडीत मासे पकडत, ते बाहेर येताच गोठत आणि कित्येक महिन्यांनीही ताजे लागत. त्यावरून त्याने झटपट गोठवण्याची यंत्रं बनवली. १९३० साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत त्याचे गोठवलेले पदार्थ विक्रीला आले.

माझ्याकडे यंत्र नाही, पण पातळ थर आहे. पिशवीत आमटी भरायची, हवा काढायची, आडवी चपटी ठेवायची. हवा राहिली तर पृष्ठभागावरचा बर्फ थेट वाफ होऊन उडतो आणि पदार्थावर कोरडे पांढुरके डाग पडतात. डबा असेल तर वर थोडी जागा सोडते, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. भाज्या आधी मिनिट-दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढून लगेच गार पाण्यात घालते. नाहीतर त्यांच्यातली एन्झाइम्स थंडीतही हळूहळू रंग आणि चव खात राहतात.

परवा वादळात वीज गेली. गच्च भरलेला फ्रीझर उघडला नाही तर सुमारे ४८ तास थंडी धरून ठेवतो, हे ठाऊक होतं. मी दाराला चिकटपट्टी लावली आणि ब्रेड खाऊन झोपले. वीज दुसऱ्या दिवशी दुपारी आली. आतल्या पिशव्या दगडासारख्या होत्या.