दाढा येणारं पोर आणि आज्जीची मिश्री

एप्रिलमधली गोष्ट. मी अंगणवाडी सेविका, सोलापूरजवळच्या कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत गृहभेटी करते. 10,000 घरांची वसाहत आहे ही, 2006 ला विडी कामगार बायकांना घरं मिळाली तेव्हापासूनची, अन् अजूनही दुपारी कुठल्याही दारात गेलं की कोणीतरी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेलं दिसतं.

त्या घरी मी वजन घ्यायला गेले होते. पंधरा महिन्यांचा पोरगा, मागच्या महिन्यात 8.9 किलो होता, आता काटा 8.7 दाखवत होता. आई म्हणाली, "बाई, काय खाईना झालंय की ओ, रात्रभर रडतंय, कुणालाच झोप नाही." अन् बोलता बोलता सूप बाजूला ठेवून तेच बोट त्याच्या हिरडीवर चोळायला निघाली. तंबाखूची पूड चिकटलेलं बोट! मी हातच धरला तिचा. तेवढ्यात आज्जी आतून मिश्रीची डबी घेऊन आली, म्हणे आमच्या सगळ्या पोरांना लावली, लगेच गप होतात.

गप होतात हे खरंच आहे, पण ते दुखणं थांबून नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, त्यातलं निकोटिन एवढ्याशा जिवाला चढतं, उलट्या होतात, मग पोर मलूल पडतं अन् घरच्यांना वाटतं शांत झालं. हे मी आज्जीला सांगितलं तेव्हा ती रागावली नाही, नुसती डबीकडे बघत राहिली, मलाच वाईट वाटलं.

आधी आईला साबणाने हात धुवायला लावले, मी पण धुतले, अन् पोराचं तोंड उघडून बघितलं. वरच्या हिरडीत मागच्या बाजूला दोन्हीकडे सूज, एकीकडे पांढरं टोक दिसत होतं. पहिल्या दाढा. समोरच्या दातांपेक्षा या रुंद असतात, त्यामुळे जास्त छळतात. पण दात दिसले म्हणून लगेच दातांवरच ढकलून मोकळं व्हायचं नसतं. आशाताईला बोलावून थर्मामीटर लावला, 99.2. जुलाब नव्हते, लघवी नीट होत होती. 100.4 च्या वर ताप असता किंवा जुलाब असते तर मी तसंच दवाखान्यात पाठवलं असतं, कारण दात येताना तेवढा ताप येत नाही अन् जुलाब पण दातांमुळे लागत नाहीत. आपल्याकडे "दाताचं आहे" म्हणत बसतात अन् तोवर पोर सुकून जातं, याची मला खरंच भीती वाटते.

फ्रिज नव्हता घरात. मग उकळून गार केलेलं पाणी एका झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून डबा माठात ठेवला. गार झाल्यावर स्वच्छ सुती फडकं त्यात भिजवून पिळलं अन् आईने ते बोटाला गुंडाळून हिरडीवर दाबून धरलं. आधी त्याने डोकं फिरवलं, किंचाळला, मग कचाकचा चावायलाच लागला, लाळ गळतेय, डोळे मिटताहेत! दाबल्याने अन् गारव्याने बरं वाटतं त्यांना.

खाणं का सुटलं तेही तिथेच कळलं, भाकरी तिखट आमटीत कुस्करून देत होते. सुजलेल्या हिरडीला ती झोंबणारच की. मऊ भात दह्यात कालवून गारच दिला, अर्धी वाटी गेली. मग आईच्या खांद्यावर जो झोपला तो आम्ही निघेपर्यंत उठला नाही.

जाताना आईने विचारलं, मेडिकलमधून सुन्न करायचं जेल आणू का. आणू नकोस म्हटलं. बेंझोकेन असलेलं जेल दोन वर्षांखालच्या मुलांना वापरू नका असं अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2018 लाच बजावलंय, रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकदच कमी होऊ शकते. फारच दुखलं तर पॅरासिटामॉल, ते पण डॉक्टरांनी वजनावर ठरवून दिलं तरच, म्हणून 8.7 कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

पुढच्या वजनाला काटा 9 वर होता. आज्जीची स्वतःची मिश्री काही सुटलेली नाही, त्यावरून आमचं अजून वाजतं. पण सुपाशेजारी आता साबण अन् पाण्याचा तांब्या असतो. अजून सुळे यायचेत, दोन वर्षांच्या आसपास शेवटच्या दाढा, तेव्हा परत रडारड होणार हे आईला सांगून ठेवलंय.