पलटी नांगराचा होज बदलताना

खोडवा मोडून नांगरट सुरू केली आणि शेताच्या टोकाला तास संपल्यावर नांगर पलटी व्हायला रेंगाळू लागला. नांगर पलटी करणाऱ्या, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या जॅककडे जाणाऱ्या होजभोवती, म्हणजे तेलाच्या रबरी नळीभोवती, माती तेलकट होऊन घट्ट बसली होती, डिपस्टिकवर तेलही खाली गेलेलं. गळती आहे हे नक्की, पण नेमकी कुठून ते दिसेना.

ट्रॅक्टर चालवणारा आमचा पोरगा म्हणाला, "दादा, तुम्ही लिव्हर ओढा, मी होजवर हात फिरवून बघतो." मी त्याला तिथंच थांबवलं. ही सवय गावोगाव आहे आणि मला तिची फार धास्ती वाटते. दाब बारमध्ये मोजतात, मोटारसायकलच्या टायरात साधारण 2 बार हवा असते. साधारण 7 बारच्या दाबाने सुईएवढ्या छिद्रातून सुटलेलं तेल कातडी भेदून आत जाऊ शकतं, आणि ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा दाब 150 ते 200 बारच्या घरात असतो. हातमोज्यांनीही ते अडत नाही. बरं, जखम म्हणाल तर काटा टोचल्यासारखा एक ठिपका. सुरुवातीला फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस हळद लावून पुन्हा कामाला लागतो. आत मात्र तेल बोटातून तळहातापर्यंत पसरत जातं आणि काही तासांत हात सुजून बधिर होतो. उशीर झाला तर बोट कापावं लागतं. त्यामुळे ठिपका कितीही लहान असो, दाबत-चोळत न बसता लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेलं मोठं हॉस्पिटल गाठायचं आणि डॉक्टरांना "दाबाचं तेल आत गेलंय" हे स्पष्ट सांगायचं. नुसतं "लागलंय" म्हटलं तर मलमपट्टी करून घरी पाठवतील.

मग आम्ही खताच्या खोक्याचा पुठ्ठा लांब काठीला बांधला. डोळ्यांना चष्मा लावला, इंजिन कमी रेसवर ठेवलं आणि होजपासून लांब उभं राहून पुठ्ठा हळूहळू पुढे सरकवला. होजच्या टोकाला जिथे लोखंडी फिटिंग दाबून बसवलेलं असतं, तिथून बोटभर अंतरावर पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली. डोळ्यांना तिथं धार अजिबात दिसत नव्हती.

होज खोलण्याआधी नांगर जमिनीवर टेकवला, कलू नये म्हणून बाजूने लाकडी ठोकळे लावले, इंजिन बंद करून चावी खिशात टाकली. तरी दाब गेला असं समजायचं नाही. इंजिन बंद झालं तरी जॅक आणि होजमध्ये तो कोंडलेला राहतो. जॅकची लिव्हर दोन्ही बाजूंना पुरती चार-पाच वेळा हलवली, तेल निवू दिलं, मगच पाना लावला. नट थोडाच ढिला करून थांबलो. तेल नुसतं ओघळलं, उडालं नाही, तेव्हा पुढचे आटे सोडले. उघड्या तोंडांना लगेच स्वच्छ प्लॅस्टिक बांधलं, कारण शेतातली धूळ आत गेली की पंप आणि व्हॉल्व्ह दोन्ही घासतात.

ट्यूबची पट्टी आणि बाइंडिंग वायर आवळून सीझन काढू, असा सल्लाही मिळाला. तो मी ऐकला नाही. दाबाच्या होजला असली दुरुस्ती चालतच नाही. जुना होज घेऊन तालुक्याला गेलो. दुकानदाराने आधी स्वस्तातला एका जाळीचा, म्हणजे रबरात तारेच्या जाळीचा एकच थर असलेला, दाखवला. अर्ध्या इंचाच्या त्या होजचा कामाचा दाब 160 बार असतो, दोन जाळीच्या होजचा 275. ट्रॅक्टरचा दाब बघता पहिला अगदीच काठावर येतो. होजवर छापलेला आकडा वाचून मी दोन जाळीचाच घेतला आणि फिटिंग समोर उभं राहून मशीनवर दाबून घेतलं.

बसवताना होजवरची छापील ओळ सरळ राहते का ते बघायचं. ती वेटोळी फिरली म्हणजे होजला पीळ बसला, आणि पीळ बसलेला होज फिटिंगजवळच फुटतो. सांध्यातून तेल गळू नये म्हणून नवीन ओ-रिंग (रबरी कड्या) टाकल्या. नांगर उचलून कमी रेसवर हळूहळू पलटी करत राहिलो, आतली हवा निघेपर्यंत तो झटके देत फिरत होता. नांगर खाली टेकवून, इंजिन बंद करून तेल पुन्हा बघितलं, कमी होतं तेवढं भरलं. रंग दुधाळ नव्हता, म्हणजे आत पाणी गेलेलं नाही. शेवटी पुठ्ठा परत एकदा फिरवला. कोरडा निघाला.

ट्रॉलीचा जॅकही आता पाझरतोय. शेणखत वाहायच्या आधी त्याला सील किट टाकून घेणार आहे. रिकामा डाला उचलून धरायला लोखंडी टेकू बनवायला दिलाय, आणि तो लागल्याशिवाय डाल्याखाली वाकायचं नाही, असं मिस्त्रींनाही सांगून ठेवलंय.