माझा अनुभव : वोल्ना-३ पुन्हा कामाला लावताना

कीव्हच्या आर्सेनाल कारखान्यात बनलेल्या मीडियम फॉरमॅट (मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्यांच्या) लेन्समध्ये सगळ्यात सहज मिळणारी म्हणजे वोल्ना-३, ८० मिमी, एफ/२.८. हिची काच उत्तम आहे. लेन्स मार खाते ती ग्रीस, काळा रंग आणि जुळणी यांत. त्यामुळे माझी बहुतेक मेहनत काचेवर नाही, धातूवर झाली.

घेताना पहिली गोष्ट माउंटची, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कडीची. नावामागे रशियन ‘बे’ असेल तर ती पेंटाकॉन सिक्स माउंटची, म्हणजे कीव्ह-६० कॅमेऱ्यावर बसणारी. ‘वे’ असेल तर सल्यूत किंवा कीव्ह-८८ या कॅमेऱ्यांची. घोळ असा की रशियन ‘वे’ हुबेहूब रोमन ‘बी’सारखं दिसतं, आणि विकणारे दोन्हींना ‘बी’ लिहून मोकळे होतात. म्हणून मागच्या बाजूचा फोटो मागवायचाच. डिजिटलवर वापरायची असेल तर पेंटाकॉन सिक्सवालीच सोयीची. माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ७४.१ मिमी, त्यामुळे अडॅप्टरला भरपूर जागा उरते: कॅनन ईएफसाठी ३०.१ मिमी, फुजी जीएफएक्ससाठी ४७.४ मिमी. अनुक्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा उत्पादनाचं वर्ष सांगतात.

हातात आल्यावर टॉर्च मागून तिरका मारून पाहिला. धुळीचे चार कण असले तरी चित्रावर काही फरक पडत नाही. पाहायचा असतो तो धुरकटपणा, विशेषतः प्रकाशाचं छिद्र लहानमोठं करणाऱ्या पात्यांच्या लगतच्या काचांवर, कारण जुन्या ग्रीसमधलं तेल सुटून तिथेच जमतं. मग एफ/१६ लावून, पाती मिटवणारी मागची पिन बोटाने दाबली. पाती झटकन मिटली पाहिजेत आणि सोडताच उघडली पाहिजेत. तेलकट पाती रेंगाळतात, शटर उघडेपर्यंत पूर्ण मिटत नाहीत आणि एफ/८ ला काढलेली फ्रेम जास्त उजळ येते. लोक दोष मात्र शटरला देतात.

माझ्या प्रतीत फोकस रिंग दोन बोटांनी फिरत नव्हती. कारण नेहमीचंच, मूळ ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं. अशा वेळी फटीतून डब्ल्यूडी-४० मारणं हा सगळ्यात वाईट उपाय. दोन दिवस रिंग छान फिरते, मग तेच पातळ तेल पात्यांवर आणि काचेवर पोचतं.

आधी काचेचे गट काढून वेगळे ठेवले. मग रिंगचे बारीक स्क्रू सैल केले, आणि नळी सरळ रेषेत पुढेमागे ठेवणाऱ्या किल्ल्या सोडवल्या. हेलिकॉइडच्या, म्हणजे फोकससाठी लेन्स पुढेमागे नेणाऱ्या नळीच्या, आट्यांना अनेक तोंडं असतात, त्यामुळे ती कुठूनही आत शिरते, पण बरोबर बसते एकाच जागी. म्हणून रिंग अनंतावर (सगळ्यात दूरच्या फोकसवर) असताना एक खूण, आणि दोन भाग सुटतात नेमक्या त्या क्षणी दुसरी खूण, दोन्ही भागांवर, सुईने ओरखडून. मार्करची खूण पुढच्या धुण्यात निघून जाते.

धुण्यासाठी लायटरमध्ये भरायचं नॅफ्था आणि जुना टूथब्रश. आट्यांच्या तळाशी पिवळट थर राहतो. तो लाकडी टूथपिकने खरवडून, कापसाचा बोळा पांढरा निघेपर्यंत पुसायचं. नवं ग्रीस हेलिकॉइडसाठीचंच, मध्यम ते जाड. या आट्यांमध्ये मुळात थोडी ढिलाई असते, पातळ ग्रीसने रिंग गडगडते. जाड ग्रीस ती ढिलाई झाकतं. साधं लिथियम ग्रीस उष्णतेत तेल सोडतं, आणि मे महिन्यात नागपुरात बंद गाडीत राहिलेल्या बॅगेत काय होईल ते सांगायला नको. प्रमाण मसुराच्या दाण्याएवढं पुरतं. जोडून, पूर्ण फिरवून, काठावर बाहेर आलेलं पुसून टाकायचं. पिनपासून पात्यांकडे जाणारा काटा आपल्या खाचेत बसलाय ना, हे किल्ल्या आवळण्याआधी बघायचं, नाहीतर सगळं पुन्हा उघडावं लागतं.

अनंताची जुळणी कीव्ह-६० वरच केली. मागचं झाकण उघडून, शटर ‘बी’ सेटिंगवर लॉकवाल्या केबल रिलीजने उघडं ठेवून, फिल्म जिथे टेकते त्या आतल्या पट्ट्यांवर घासलेली काच ठेवली. खरबरीत बाजू लेन्सकडे, तिच्यावर पेन्सिलने बारीक फुली, मागून दिवा. समोर दुसरा एसएलआर, त्यावर २०० मिमी लेन्स, दूरच्या मनोऱ्यावर आधीच नेमकी फोकस करून ठेवलेली. या कॅमेऱ्यातून वोल्नाच्या पुढच्या काचेत पाहिलं की फुली दिसते. वोल्ना अनंताच्या खुणेवर असताना फुली सुस्पष्ट असेल तर जुळणी बरोबर. नसेल तर ती स्पष्ट होईपर्यंत हेलिकॉइड फिरवून, रिंग सैल करून खूण तिथे आणायची. व्ह्यूफाइंडरची काच, म्हणजे फोकसिंग स्क्रीन, त्यानंतर. मीटरभरावर तिरकी मोजपट्टी ठेवून एफ/२.८ ला तपासल्यावर फिल्मच्या जागी एक आकडा आणि वर दुसरा दिसला, तर हात लावायचा तो फोकसिंग स्क्रीनला, लेन्सला नाही. हा क्रम उलटा केला की दोन्ही बिघडतात.

आता मुख्य दुखणं, म्हणजे विरलेला कॉन्ट्रास्ट. लेन्स खिडकीकडे धरून मागून पाहिली तर नळीच्या आतल्या भिंतीवर चकचकीत वर्तुळं दिसली. ‘काळा’ रंग होता, पण मॅट नव्हता. तिथे मागे चिकट असलेला काळा मखमली कागद लावला, पिनचा मार्ग तेवढा सोडून. अडॅप्टरच्या आतही तोच. डिजिटलवर हा त्रास जास्त, कारण ६×६ सेंमी फिल्मसाठी लेन्स ७९ मिमी कर्णाचं चित्र फेकते, जीएफएक्सचा सेन्सर मात्र ५५ मिमीच्या आसपास. उरलेला प्रकाश अडॅप्टरमध्ये आपटत राहतो. काळ्या कार्डाचा आयताकृती मास्क सेन्सरच्या बाजूला लावला आणि एफ/२.८ ला कोपरे काळवंडेपर्यंत छोटा करून मग दीड-दोन मिलिमीटर परत मोठा केला. पुढे ६२ मिमी आट्याचं धातूचं हूड. माझ्या मते मास्क आणि हूड हे दोन्ही मल्टिकोटिंगपेक्षा (काचेवरच्या चमक रोखणाऱ्या थरांपेक्षा) जास्त काम करतात. एमसी (मल्टिकोटिंगचा) छाप नाही म्हणून स्वस्तात मिळणारी प्रत बिनधास्त घ्यावी.

साध्या अडॅप्टरवर पिन कोणी दाबत नाही, त्यामुळे रिंग कितीही फिरवली तरी पाती उघडीच राहतात. पिन दाबून ठेवणारी कड आत असलेला अडॅप्टर घ्यावा.

एफ/२.८ ला मध्य चांगला, कडा मऊ. एफ/५.६ पासून सगळी फ्रेम आवळून येते. जाता जाता, याच घराण्यातली ३० मिमीची झोडियाक-८ फिशआय घेणार असाल तर मागचा फिल्टर सोबत आहे ना बघा. तो प्रकाशीय रचनेचाच भाग आहे, रंग नको असेल तर रंगहीन लावायचा, पण काहीतरी हवंच.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर बुरशीचा काळ. बंद चामडी डबा, ज्यात या लेन्स मूळ येतात, तो ओल धरून ठेवतो. डबा माळ्यावर टाकावा आणि लेन्स ४०-४५ टक्के आर्द्रतेच्या ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवावी. तेही नसेल तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि दर पंधरवड्याला तापवून घेतलेलं सिलिका जेल.