स्टिकर एक, मशीन दोन

डेस्कटॉप की लॅपटॉप हा हिशेब आज पुन्हा मांडून पाहिला. बहुतेक जण तो प्रोसेसरच्या किंवा ग्राफिक्स कार्डाच्या नावापासून सुरू करतात आणि घोळ तिथंच होतो. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०७० हे ग्राफिक्स कार्ड घ्या. डेस्कटॉपच्या कार्डात ५८८८ कोर (आकडेमोड करणारे भाग), १२ जीबी मेमरी आणि २०० वॉटपर्यंत वीज. लॅपटॉपमध्ये त्याच नावाखाली ४६०८ कोर आणि ८ जीबी, शिवाय वीज किती द्यायची ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो, साधारण ३५ ते ११५ वॉट. म्हणजे एकच स्टिकर असलेल्या दोन लॅपटॉपांतसुद्धा भलतीच तफावत निघते. वॉटचा आकडा विचारावाच. कुणी सांगत नसेल, तर तो कमीच आहे असं धरून चालावं.

मुळात सगळा मामला उष्णतेचा आहे. पातळ लॅपटॉपचा प्रोसेसर १५ वॉटच्या आसपासचा, जाडजूड लॅपटॉपचा ४५ चा, डेस्कटॉपचा ६५ किंवा १२५ चा. थोडा वेळ सगळेच याहून जोरात पळतात. पण लॅपटॉपचं तापमान ९५-१०० अंशांना टेकलं, की प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो. टायपिंग, ब्राउझर, हिशेबाचे तक्ते यांत ते कळतही नाही. व्हिडिओ रेंडर करायला, म्हणजे संपादन करून अंतिम फाइल बनवायला, चाळीस मिनिटं लागत असतील तर मात्र पहिली दोन मिनिटं आणि पुढची अडतीस यांत फरक पडतो. म्हणून लॅपटॉप पारखायचा तर वीस मिनिटं सलग भार देऊन. पाच मिनिटांच्या चाचणीत सगळेच हुशार.

दुरुस्तीत डेस्कटॉपला तोड नाही. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) गेला तर एसएमपीएस बदलायचा, बाकीचं मशीन तसंच राहतं. लॅपटॉपमध्ये रॅम कित्येकदा मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, तेव्हा ८ जीबी घेतली की ८ जीबीच जन्मभर. स्लॉट असतील तर रॅमची एक पट्टी १६ ची घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन बऱ्या, कारण मग डेटा एकाऐवजी दोन वाटांनी जातो (ड्युअल चॅनल). वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तेव्हा या दुहेरी वाटेचा फायदा गेममध्ये स्पष्ट दिसतो.

बॅटरीबद्दल एक गोष्ट उलटी वाटते. जो लॅपटॉप कधीच जागचा हलत नाही, त्याची बॅटरी आरामात नसते. कायम चार्जरला, कायम शंभर टक्क्यांवर आणि वर गरम, हे लिथियमला सोसत नाही. सेटिंगमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करावी. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला, क्लिक नीट होईना, तर खाली बॅटरी फुगलेली असू शकते. त्यावर दाब देऊ नये, टोचू तर मुळीच नये. मशीन बंद करून बॅटरी बदलून घ्यावी.

डेस्कटॉपचं दुखणं म्हणजे वीज गेली की काम गेलं. यूपीएस लागतो, आणि त्यावरचा ६०० सारखा आकडा व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) असतो, वॉटचा नव्हे. प्रत्यक्षात साधारण ३६० वॉट. तेही फाइल जतन करून मशीन नीट बंद करण्यापुरते. (नव्या डेस्कटॉपवर गेम रखडत असेल तर आधी मॉनिटरची केबल बघावी. ती कित्येकदा ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाच्या पोर्टात खोचलेली सापडते.)

माझा कौल सरळ आहे: मशीन महिन्यातून किती दिवस टेबल सोडतं ते मोजा. दोन-तीनच दिवस असतील तर डेस्कटॉप. रोज फिरत असेल तर लॅपटॉप, पण टेबलावर वेगळा मॉनिटर आणि कीबोर्ड हवाच, नाहीतर मान दिवसभर खाली वाकलेली. मॉनिटर टाइप-सी केबलने जोडायचा असेल तर पोर्टचा आकार बघून भुलू नये. काही पोर्ट नुसता डेटा नेतात, चित्र नेत नाहीत. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टची खूण आहे का ते बघावं, नसेल तर मॉडेलच्या माहितीपत्रकात.